माझ्या दोरीचे आठशे मीटर

धावणाऱ्यांना सल्ला देणारे लोक फार झाले आहेत. आमच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर रोज सकाळी वीस-पंचवीस जण धावतात आणि त्यांना सांगणारे चाळीस असतात. एक म्हणतो श्वास नाकानं घ्या, दुसरा म्हणतो तोंडानं. एक म्हणतो उपाशी धावा, दुसरा म्हणतो दोन केळी खाऊन धावा. त्या केळ्यांची सालं मग दिवसभर रस्त्याच्या कडेला पडून असतात आणि त्यावर माशा. मी चौथी शिकलेला माणूस. धान लावण्यात आणि खाटा विणण्यात जन्म गेला. पण मीही एकदा त्या सांगणाऱ्यांमध्ये घुसलो. त्याचं काय झालं ते लिहून ठेवतो. ज्याला धावायचं आहे त्यानं वाचावं, आणि ज्याला दुसऱ्यांना धावायला लावायची खाज आहे त्यानं दोनदा वाचावं.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पलीकडे. गावाला लागून नहर आहे आणि नहराच्या उंच पाळीवर मुरमाचा सरळ रस्ता. पोलीस भरती करणारी पोरं-पोरी तिथं धावतात. पोरींना आठशे मीटर धावावं लागतं. माझी नात त्यातलीच एक. बारावी झाली, पुढे शिकायचं सोडून तिनं भरती धरली.

त्यांना शिकवायला तालुक्याहून एक सर दर रविवारी येत. अकॅडमी चालवतात. गाडीवर मागे स्पीकर बांधलेला, गळ्यात शिट्टी. आल्या आल्या ते पोरांना ओरडायला लावत. दर्द में ही मजा है, असं काहीतरी. सकाळी सहा वाजता वीस पोरं दर्द में मजा है म्हणून बोंबलत आणि पलीकडच्या धानाच्या बांधीतले बगळे उडून जात. मग सर त्यांना जीव जाईपर्यंत धावायला लावत. रोज. रोजच शर्यत. दर रविवारी दोन-तीन पोरी शेवटच्या दगडापाशी येऊन ओकत. सर टाळ्या वाजवत. म्हणत, "शाबास, आता खरी मेहनत झाली." ते गेले की मी फावडं घेऊन जात असे आणि त्या ओकारीवर माती टाकत असे. कुत्री यायची ना.

मी बैलांमागं पन्नास वर्षं चाललो. बैलाच्या तोंडाला फेस आला की आम्ही जू उतरवतो. टाळ्या नाही वाजवत.

सरांकडे सगळ्यांना एकच औषध. जवाहरनगरच्या कारखान्यात ऑफिसची नोकरी करून रिटायर झालेले एक गृहस्थ गावी परतले. साठी ओलांडलेली, पोट पुढे आलेलं, डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून नहरावर यायला लागले. सरांनी त्यांनाही पोरांसोबत पाळ चढायला-उतरायला लावली, दहा वेळा. महिनाभरात गुडघा बेलफळासारखा सुजला. ज्यानं जन्मभर खुर्चीवर काम केलं त्यानं आधी तीन महिने नुसतं चालावं, एवढं सांगायला काही अकॅडमी लागत नाही. पण चाला म्हटलं तर टाळ्या कोण वाजवणार?

आता माझं सांगतो.

मागच्या श्रावणात धानाचा रोवणा आटोपला होता. सर म्हणाले, आठशे मीटरची नीट खूण पाहिजे, म्हणजे रोज घड्याळ लावता येईल. पोरं मोबाईलवर मोजायला निघाली. मी म्हणालो, मी मोजून देतो. अंबाडीची चांगली पिळदार दोरी माझ्या घरी होती, मीच वळलेली. ओसरीत सुताराचा टेप लावून बरोबर वीस मीटरवर दोन्हीकडे गाठी मारल्या. अशा चाळीस दोऱ्या म्हणजे आठशे मीटर. हिशोब साधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझी घरवाली दोरी घेऊन गेलो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या हातात. रात्रभर पाऊस पडून गेला होता, पाळीवरचं गवत गुडघाभर आणि चिंब. दोरी त्या गवतातून ओढत ओढत आम्ही चाळीस वेळा मोजलं. सुरुवातीला एक दगड, शेवटी एक दगड, दोन्हींना चुना. नातीनं मोबाईल लावून पाहिला.

"आबाजी, मोबाईल सातशे चाळीस दाखवून राहिला."

"मोबाईल वरून पायते, दोरी जमिनीवरून," मी म्हणालो.

सगळी पोरं हसली. आमच्या गावात मोबाईलला रेंजसाठी झाडावर चढावं लागतं, त्यामुळे माझं बोलणं सगळ्यांना पटलं. सरांनीही माझी पाठ थोपटली. जुनी माणसं, पक्कं काम, असं स्पीकरवर म्हणाले. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

त्या रस्त्यावर पोरींच्या वेळा अशा निघायला लागल्या की सरांनी बॅनर छापला. माझी नात त्यावर मधोमध. पाहणारे म्हणत, ही तर लागलीच समजा.

हिवाळ्यात माझी घरवाली गेली. सकाळी गोठ्यात शेण काढता काढता पडली. मुलगा बाहेरगावी होता. सून म्हणाली, गाडी आणा. आमच्या वस्तीत गाडी नाही, मोठ्या सडकेवर मिळते. मी धावलो. आयुष्यात एकदा सुटलेल्या बैलामागं धावलो होतो, त्यानंतर हेच. तीनदा थांबलो. एकदा बाभळीला धरून उभा राहिलो, छातीत सुरी फिरल्यासारखं होत होतं आणि तोंडात लोखंडाची चव. गाडी घेऊन परत आलो तेव्हा सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

घरवालीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्याच सकाळी नात नहरावर गेली. बाया कुजबुजल्या. मी तिला अडवलं नाही. तिच्या आजीनंच तिला रोज उठवलं होतं, ती झोपून राहिली असती तर आजीलाच राग आला असता.

मग भंडाऱ्याला भरतीचं मैदान झालं. आमच्या गावच्या तीन पोरी गेल्या. तिन्ही मागं पडल्या. माझ्या नातीला नहरावर दोन मिनिटं पन्नास सेकंद लागत, तिथं तीन मिनिटांच्या वर चार सेकंद लागले. थोड्या मार्कांनी राहिली. घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

रविवारी सर आले. त्यांनी तिघींना पुढे उभं केलं. एकीला म्हणाले, तू गर्दीला भ्यालीस. दुसरीला म्हणाले, तुझी झोप झाली नव्हती. मग माझ्या नातीच्या खांद्यावर हात ठेवून स्पीकरमधून म्हणाले, "हिचे पाय नाही हरले. हिचं मन हरलं. ही आजीला डोक्यात घेऊन धावली. मन पक्कं असलं तर पाय आपोआप धावतात."

तीन पोरींना तीन कारणं. रस्ता मात्र तिघींचा एकच होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हे लिहिताना माझा मलाच ओकारा येतो. मन पक्कं असलं तर पाय धावतात म्हणे. त्या सकाळी सडकेकडे धावताना माझं मन कच्चं होतं काय? माझे पाय म्हातारे होते. एवढं मला माहीत होतं आणि तरी मी मान हलवली, कारण ते ऐकायला बरं वाटलं. आजीच्या दुःखानं पोरगी हरली. पानठेल्यावर, नळावर, सगळीकडे लोक हेच बोलले, आणि मी डोळे पुसून ऐकत राहिलो. मेलेल्या बाईच्या डोक्यावर ओझं ठेवायला सोपं असतं. ती नाही म्हणायला येत नाही.

नातीनं धावणं सोडलं. सकाळी उठून चूल पेटवू लागली. एकदा आईला म्हणाली, "मी मनानंच कच्ची आहे, आई. वर्दी घालून काय करीन? कोनी मेलं का रडत बशीन." सुनेनं मग कुठंतरी निरोप धाडला आणि पाहुणे बघायला येणार असं ठरलं.

उन्हाळ्यात एका ट्रॅक्टरनं नहरावरचा शेवटचा दगड उडवला. चुन्याचा फुटका तुकडा तेवढा मातीत राहिला. मी म्हटलं, पुन्हा बसवून देऊ. तीच दोरी घेऊन गेलो. या वेळी दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून खुंटी ठोकून ठोकून एकट्यानं मोजलं. ऊन असं की मुरूम तापून चपलेतून चटके बसत होते. दोरी कोरडी, ताठ. चाळिसावी दोरी टाकली आणि पाहिलं तर तो फुटका तुकडा माझ्या मागं, तीन दोऱ्या दूर.

वाटलं मोजताना चुकलो. परत मोजलं. परत तेच. साठ मीटर.

मी तिथंच बसलो. माझ्या हातून शे-दीडशे खाटा विणल्या गेल्या असतील. ढिली खाट घेऊन कोणी आलं तर मी स्वतः सांगतो, दोरीवर पाणी मारा, आवळते. अंबाडीची दोरी ओली झाली की हात-हात आटते, हे मला शेंबडं पोर असल्यापासून माहीत आहे. आणि मी ती ओल्या गवतातून ओढत नेली होती.

तिनं सांगितलं होतं. हेही तिथं बसल्यावर आठवलं, आधी नाही. पाचव्या-सहाव्या दोरीला ती थांबली होती. म्हणाली होती, "दोरी भिजली जी. आटून राहिली. घरी वाळवून उद्या मोजू."

"दोन-चार बोटांनं काय होते? तू टोक धर अन चाल," असं मी म्हणालो होतो. पोरं पाहत होती ना. ती मग चुपचाप चालली, पस्तीस दोऱ्या.

आठ दिवस मी कोणाला बोललो नाही. पहिल्यांदा सरांना सांगितलं, रविवारी, बाजूला नेऊन. वाटलं तेच काहीतरी मार्ग काढतील. त्यांनी मार्ग काढला.

"काका, हे कोणाले बोलू नका. पोरांचं मनोबल खचते. आपण असं करू, दर रविवारी दगड पाच-पाच मीटर पुढं सरकवू. कोणाले समजणार नाही."

"अन वेळ वाढला त?"

"म्हनू, आळस करून राहिले. अजून जोर लावतील."

असं बोलून त्यांनी शिट्टी वाजवली आणि पोरांना ओरडायला लावलं. मला त्यांची किळस आली. पण घरी येता येता अर्ध्या रस्त्यात ध्यानात आलं की मी त्यांचीच युक्ती मनात घोळवून राहिलो आहे. पाच-पाच मीटर. कोणाला समजणार नाही. माझं नावही जाणार नाही. सरांची किळस निदान थुंकून टाकता येते. ही थुंकता येईना.

घरी सून आणि नात खाटेवर लुगडं अंथरून तांदळाचे पापड टाकत होत्या. मी उभ्या उभ्याच बोललो.

"नहरावरचे आठशे आठशे नोते."

नातीनं वर पाहिलं नाही. "काय?"

"साठ मीटर कमी होते. दोरी ओली होती. मीच चुकलो."

तिच्या हातातला पापड अर्धा लुगड्यावर, अर्धा बोटाला.

"कधी समजलं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस तुमी माझ्या हातचा चहा पेऊन राहिले."

"हव."

सून म्हणाली, "मामाजी, आता कायले उकरता? परवा पाहुने येऊन राहिले."

नात उठली. हात लुगड्यालाच पुसले, मोबाईल घेतला आणि आकडे दाबत बसली. बराच वेळ. दोनदा पुसून पुन्हा केले. मग आईला म्हणाली, "नहरावरच्या वेळात साठ मीटरचा वेळ टाकला का तीन मिनिटं चार सेकंद होते. भंडाऱ्याले तेवढाच लागला. आई, मी तेवढीच धावली होती. आजी गेल्यावरही तेवढीच धावली."

सुनेनं पापडाचं भांडं बाजूला सारलं.

"अन मी चार महिने सोताले शिव्या देऊन राहिली," नात म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लोकं आजीले बोलत होते तवा तुमी मान हालवत होते. मी पायलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. मग खाली बसून उरलेले पापड टाकले, सगळे. एकही वाकडा नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं गवंड्याकडून लोखंडी टेप आणला. मी टोक धरायला पुढे झालो तर म्हणाली, "तुमी राहा." आईला घेऊन गेली. नवा दगड त्या दोघींनीच रोवला. पाहुण्यांना सुनेनं फोन करून सांगितलं, सध्या जमत नाही. का, ते नाही सांगितलं.

मी पानठेल्यावर गेलो. तिथं बसणाऱ्या चौघांसमोर म्हणालो, "पोरगी आजीपायी नाही हरली. माझ्यापायी हरली. रस्ता कमी मोजला मी."

एक जण सुपारी कातरत म्हणाला, "राहू द्या बुढे. नातीसाठी आपल्या अंगावर घेऊन राहिले. समजते आमाले."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी दोनदा सांगितलं, दोरी कशी आटते तेही सांगितलं. बायको गेल्यावर डोकं थोडं सरकलेल्या माणसाकडे पाहावं, तसे ते माझ्याकडे पाहत होते. आजीच्या दुःखाची गोष्ट त्यांना आवडली होती. ओल्या दोरीची कोणाला नको. मी निघून आलो.

नवा दगड पाहिल्यावर सरांनी गावात येणं बंद केलं. बॅनर तालुक्याला अजून टांगलेला आहे, जुन्या वेळांसकट.

नात आता आपल्या मनानं धावते. चार दिवस सावकाश, म्हणजे धावता धावता सोबतच्या पोरीशी गप्पा करता येतील एवढंच. एक दिवस जोरात. एक दिवस काहीच नाही. धावायच्या आधी वाटीभर कालचा भात. मला हे सगळं बैलाकडून माहीत होतं, पण मी सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी पूर्ण आठशेला तिला तीन मिनिटं वीस सेकंद लागले. चार महिने बसून राहिली होती. तिनं तो आकडा भिंतीवर खडूनं लिहिला.

रस्ता कमी होता हे नातीकडून समजल्यावर बाकीच्या दोघींपैकी एकीनं धावणं सोडलंच. दुसरीची आई, ज्या पोरीला सर गर्दीला भ्यालीस म्हणाले होते तिची, एका सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली. चपला नाहीत, पदर खोचलेला. मी अंगणात दात घासत होतो.

"बुढे, तुमच्या दोरीले आग लागो," ती म्हणाली. "मी माझ्या पोरीले भित्री म्हनून म्हनून तिचं जेवन तोडलं. मैदानात जाले भेते, अन घरात भाकर मोडते, असं म्हनली मी तिले. रोज म्हनली. आता ते बोलनं कसं परत घेऊ? तुमी घेता?"

मी चूळ भरली. ती आणखी बोलली, माझ्या वयाला, माझ्या शहाणपणाला, सगळ्याला. रस्त्यानं जाणारे थांबून ऐकू लागले. सगळं खरं होतं म्हणून मी उभा राहिलो.

नात भांडी घासत होती. राखेनं भरलेल्या हातांनीच बाहेर आली.

"मावशी, अजून शिव्या बाकी असन त देऊन घ्या. अन तिले उद्या सहाले पाठवा."

"कायले? पुन्हा फसाले?"

"सावकाश धावू. पन पुरं धावू."

"अन पुन्हा कमी भरलं त?"

"त तुमीच या मोजाले. टेप आमच्या घरी आहे."

ती बाई माझ्याकडे न पाहता निघून गेली. मला वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच ती नहरावर उभी होती, पोरीला घेऊन. तिनं टेपचं टोक टाचेखाली दाबलं आणि नातीला म्हणाली, ओढ. दोघी पाळीवरून पुढे पुढे गेल्या. मला बोलावलं नाही, म्हणून मी दूर राहून, पाळीखालच्या बेशरमाच्या झाडोऱ्याच्या कडेनं त्यांच्यामागं गेलो. दर खेपेला ती बाई वाकून आकडा स्वतः पाहत होती, बोट ठेवून, आणि नात सांगे त्यावर विश्वास न ठेवता आपल्या पोरीला वाचायला लावत होती. पोरगी वाचत होती. टोमणे सोडले तर दोन महिन्यांत मायलेकींचं तेवढंच बोलणं झालं असेल.

शेवटच्या दगडापाशी माप बरोबर निघालं. ती बाई दगडावरच बसली आणि पोरीला म्हणाली, जा. पोरी माझ्या बाजूनं पहिल्या दगडाकडे धावायला लागल्या, हळू, बोलत बोलत. भरतीची तारीख अजून निघाली नाही. ती बाई रोज येते, दगडावर बसते. माझ्याशी बोलत नाही.